भिंत कुठवर

शेगडी टीव्हीच्या टेबलावर होती आणि टीव्ही पलंगावर. पिठाचा डबा हवा तर चपलांचं कपाट उघडायचं, भांडी घासायची तर बाथरूममध्ये उकिडवं बसायचं. स्वयंपाकघर आतून सोलून काढलं होतं. पाइप झिरपून मधली भिंत भिजली होती, म्हणून तीही पाडली. तिथं आता भगदाड आणि त्याच्यावर टांगलेली एक जुनी चादर. धूळ काय चादरीला विचारून येते?

आज ती भिंत परत उठायची होती. सुनेचं म्हणणं, भिंत नकोच, मोकळं राहू दे. आजींनी एका वाक्यात निकाल लावला होता, "छतापर्यंत पाहिजे. माझं स्वयंपाकघर म्हणजे काय बसस्टॉप आहे?" विषय तिथंच संपला. आजींपुढे विषय संपतातच.

आजी कांदा परतत होत्या. हातभर अंतरावर आजोबा आपल्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. दुसरीकडे खुर्ची ठेवायला जागाच नव्हती, नाहीतर पुढचं आक्रीत घडलं नसतं.

हात चालू झाले की आजींचं तोंडही चालू व्हायचं. "मीठ कुठं गेलं कोण जाणे. या घरात काही हरवलं की मला विचारतात. मी हरवले तर कुणाला विचारणार आहेत? जेवले की उठले. बरी झाली, वाईट झाली, एक शब्द नाही तोंडातून..."

"चांगली झाली होती," आजोबा म्हणाले.

आजींनी वळून बघितलं. "काय?"

"कालची भाजी. परवाची जरा तिखट होती."

कालथा कढईत तसाच राहिला. "तुम्हाला ऐकू येतं होय?"

"शेजारी उभी आहेस. न ऐकून जातो कुठं?"

"आणि इतकी वर्षं? मी आत, तुम्ही बाहेर, तेव्हा?"

आजोबांनी पेपरची घडी घातली. "तेव्हाही यायचं. भांडं आपटायचीस तेवढं वाक्य बुडायचं."

सून हसू दाबत घाईघाईनं चादरीआड गेली. चादर बराच वेळ हलत होती.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"अगं, तू भिंतीशी बोलत होतीस. मी मधे कसं पडायचं?"

आजी कढई सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या. असं या घरात कधी झालं नव्हतं, म्हणून सुनेनं चादरीतून डोकं बाहेर काढलं.

"कांदा करपला," आजोबा म्हणाले.

"दिसतंय मला." आजींनी गॅस बंद केला.

तेवढ्यात गवंड्यानं चादर काढून बाजूला टाकली. दोरी बांधून झाली होती, विटा भिजल्या होत्या. "आजी, छतापर्यंत ना? एकदाच काय ते सांगा. माल कालवला की मी कुणाचं ऐकत नाही."

आजोबांनी पेपर पुन्हा उघडला, पण वाचत नव्हते. उलटा धरला होता.

आजी भगदाडातून आत गेल्या. शेगडी जिथं यायची त्या रिकाम्या जागी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. तिथून बाहेर बघितलं. खुर्ची दिसत होती.

"छतापर्यंत नको."

"म्हणजे मोकळंच ना, आई?" सून म्हणाली.

"मोकळं कशाला? येणाऱ्या-जाणाऱ्यानं माझा पसारा बघायचा? भिंत पाहिजे." मग त्यांनी आवाज चढवला. "अहो, तो पेपर खाली ठेवा. सरळ बसा जरा. पोक काढून बसलात तर माप चुकेल."

आजोबा शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले. गवंड्यानं टेप जमिनीला टेकवला आणि त्यांच्या अंगाला धरून वर ओढत नेला. खांदा आला. हनुवटी आली.

"बस, तिथंच," आजी म्हणाल्या. "हनुवटीच्या खाली."

"आणखी चार बोटं वर घेऊ का?" गवंडी म्हणाला. "कान तरीही बाहेर राहतील."

"कान काय, यांचे भिंतीआडूनही चालतात," आजी म्हणाल्या. "तोंड वर राहू दे."