बेचाळीस मीटर

पावाचे तीनशे गोळे खानावळीच्या ओट्यावर वळून तयार. पाणी अजून उकळलेलं नाही.

रॉटरडॅमच्या एका बाईंनी खोली राखून ठेवताना विचारलंय : बर्फ खरा आहे ना?

बँडमधला तुतारीवाला ओठांना लोणी चोळतोय.

लाल रंगाचा डबा. झाकण चिकटलेलं.

ऑक्टोबरचा शनिवार. आल्प्समधल्या हिंटरग्राट गावाचा रोपवे यंदाच्या हंगामासाठी नऊ वाजता सुरू होणार.

सव्वासात वाजता नोटबुर्गा वर, फर्नरच्या पायथ्याशी होती. हिमनदीला इथे फर्नर म्हणतात. धोंड्यावरची लाल खूण, तिथून बर्फाच्या कडेपर्यंत मोजपट्टी. आधी वडील मोजायचे, गेली चौतीस वर्षं ती. पलीकडच्या खोऱ्यातला फर्नर दरवर्षी चाळीस पावलं मागे सरकत होता. तिथली स्कीची दुकानं आता सायकली भाड्याने देत होती. हिंटरग्राटचा फर्नर जागच्या जागी. बेचाळीस. बेचाळीस. एकदा एक्केचाळीस. पुन्हा बेचाळीस. वर्तमानपत्रानं त्याला ‘हट्टी’ म्हटलं होतं. त्या आकड्यावर विसंबून गावानं नवा रोपवे बांधला, खोल्या वाढवल्या.

आजही बेचाळीस. तिनं वहीत लिहिलं.

तिनं खुणेवर नवा रंग दिला. धोंड्याला पाठ टेकून चहा ओतला. समोर पाहिलं.

कोंबडा दिसेना.

चर्चच्या कळसावरचा पत्र्याचा कोंबडा. वडील सांगायचे, इथं बसलं की समोरच्या कड्याच्या वर त्याचा तुरा दिसतो, दिसला की जागा बरोबर. धुकं असायचं म्हणून बहुतेक वर्षी तिनं बघितलंच नव्हतं. आज धुकं नव्हतं. ती उभी राहिली. कडाच. टाचा उंचावल्या. कडाच. ती धोंड्यावर चढली. तेव्हा कुठे तुरा दिसला.

कड्याची उंची वाढत नाही.

ती खाली उतरली. दोन दगडांच्या फटीत तिनं खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना गुळगुळीत लागलं. थंड, ओलं. तिनं कान टेकवला. खाली पाणी वाहत होतं.

मोजपट्टी आडवी होती. बर्फ उभा खाली चालला होता.

वीस पावलांवर रोपवेचा चौथा खांब. त्याच्या पायाखाली पोलादी पट्ट्या रचलेल्या होत्या. तळातल्या गंजलेल्या, वरच्या कोऱ्या. तिनं त्या दरवर्षी पाहिल्या होत्या. खांबाखाली काहीतरी असतंच.

तिनं भावाला तीनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. मग ती पळत सुटली.

आठ बावन्न. सेराफिन, तिचा धाकटा भाऊ, रोपवेचा प्रमुख, नवा कोट घालून यंत्रघरात उभा होता. बँडवाले पहिल्या दोन पाळण्यांत चढत होते.

“ताई! चिखलात लोळलीस की काय? आज फोटो आहेत गं.”

“सेराफ, सुरू करू नकोस.”

“बरं. मग पाद्रीबाबांना काय सांगू, वर आशीर्वाद द्यायला उडत जा?”

“चौथ्या खांबाखाली बर्फ आहे.”

“दगडमाती आहे. तूच सांगतेस. चौतीस वर्षं सांगतेस.”

“खुणेचा धोंडाही बर्फावरच बसलाय रे. तो आणि फर्नर, दोघं बरोबरच खाली उतरतायत. मी त्या दोघांमधलं अंतर मोजत बसले.”

सेराफिन हसला. मग त्याचं हसू विरलं.

“आज? आजच सुचलं तुला? गावात एक खोली रिकामी नाही. बाहेर हे बोललीस ना, तर लोक तुला येडी म्हणतील. आणि आपल्या बाबांनाही खोटं पाडतील.”

“पाडू देत.”

आठ छप्पन्न. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “सेराफ, ओठ गोठायच्या आत ने बाबा वर!”

त्याचा अंगठा हिरव्या बटणावर होता.

“खांब किती खचलाय? आकडा दे. असं नुसतं बहिणीला वाटलं म्हणून मी रोपवे बंद ठेवू?”

“माझ्याकडे आकडा नाही. तुझ्याकडे आहे.”

“माझ्याकडे कुठून?”

“पट्ट्या किती घातल्यास?”



“माती बसते, ताई. नवीन खांब आहे, बसणारच; खचला तेवढी पट्टी खाली सरकवायची. खाली बर्फ असता तर तुझा आकडा हलला असता. तो हलला नाही, म्हणून मी माती म्हणालो.”

“किती, सेराफ?”

“पहिल्या वर्षी एक. मग दरवर्षी एक. मग दोन. गेल्या वर्षी तीन.”

“आणि यंदा?”

बाहेर ढोल एकदा वाजून थांबला. सेराफिन काचेतून पाळण्यांकडे पाहत होता.

“गुरुवारी चार घातल्या,” तो म्हणाला. “काल पुन्हा दोन.”

त्यानं बटणावरचा अंगठा उचलला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मग तो बाहेर गेला आणि त्यानं पाळण्यांची दारं स्वतःच्या हातांनी उघडली.

“उतरा.”

“का रे? वारा तर नाही.”

“उतरा म्हणतो ना!”

“मग कधी? दुपारी?”

सेराफिननं बहिणीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नोटबुर्गाच्या मनगटावर लाल रंग लागला होता.

“माझी वही चुकीची आहे,” ती मोठ्यानं म्हणाली. “सगळी.”

नऊ वर्षांपूर्वी इंजिनियर चौथ्या खांबाच्या जागी जमिनीत भोक पाडून खाली काय आहे ते बघणार होते. तेव्हा टाच आपटून “कशाला, पक्की जमीन आहे,” असं नोटबुर्गानं त्यांना सांगितलं होतं.