गुडघ्याची चौकशी

गुरुवारी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या नव्या पोरांची निवड. पहिल्याच फेरीत आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नवा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, घेणार का, यावर अख्खं गाव भांडतंय. गेली अकरा वर्षं ती जागा माझ्या नवऱ्याची, गॅरेटची आहे.

"कोच काल टीव्हीवर म्हणाले, नव्या क्वार्टरबॅकची गरजच नाही," पॅनकेक चिवडत गॅरेट म्हणाला. "ड्राफ्टच्या आठवड्यात कुठला कोच खरं बोलतो? वर माझ्या गुडघ्याची चौकशी केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! काहीतरी शिजतंय, लोरेन."

"अरे, संघात येणाऱ्या प्रत्येकाला घर मीच शोधून देते ना?" मी म्हटलं. "नवं पोरगं येणार असतं, तर त्याच्या आईचा पहिला फोन मलाच आला असता. खा मुकाट्यानं."

त्याला ते पटलं. आणखी दोन पॅनकेक त्यानं मागून घेतले.



त्या आईचा फोन सोमवारीच आला होता. लवकरच रिकामं होणारं एक घर कोचनी तिला सुचवलं होतं, आणि पत्ता आमचा होता.