चमचाभर साखर

सबनीसांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि कान दिला. फुस्स आवाज आलाच नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. घरी एवढ्या हौसेनं केलेली बिअर जवाच्या पाण्यासारखी निपचित पडली होती.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाटल्या भरताना प्रत्येकीत चमचाभर साखर घालायची असते, बंद बाटलीत तिच्यामुळेच फेस धरतो. इतकी वर्षं साखर घालायचा रेगे आणि झाकणं ठोकायचे सबनीस. रेगे मुलाकडे मेलबर्नला गेला, तो कायमचाच. यंदा सबनीसांनी सवयीनं झाकणं तेवढी ठोकली होती.

तेवढ्यात रेगेचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे, उघडलीस का? फेस दाखव आधी!"

सबनीसांनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवला, बाटली चहावाल्यासारखी हातभर उंच धरली आणि ग्लासात धार सोडली. वर कसाबसा पांढरा थर जमला. त्यांनी घाईघाईनं ग्लास पुढे केला.

"वा! म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नाही तुझं!"

"छे रे, अडतंय कशाला?" सबनीस म्हणाले, आणि फेस बसायच्या आत त्यांनी फोन ठेवला.