दुसरी ओळ

"ऊठ गड्या तू, ऊठ गड्या तू, यश तुझ्या दारी आले." पलंगासमोर चिकटवलेला कागद वाचून आमची मुक्ता फणकारली. "आई, कुठल्या गल्लीतल्या कवीचं आणलंस हे? आले, गेले, झाले. यमक आहे की एसटीची चौकशी खिडकी? आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चारचारदा 'ऊठ' काय?"

मी उशी सारखी करत राहिले. पक्षाघाताने वाचा गेल्यापासून हे कशालाच दाद देत नव्हते. ह्यांनी जन्मभर कॉलेजात वृत्तं शिकवली, म्हणून मी चांगल्या चांगल्या कविता वाचून दाखवल्या. हे आपले भिंतीकडे बघत पडायचे.

"बाबांनी हा कागद टराटरा फाडला असता," मुक्ता म्हणाली. "'यश तुझ्या' ह्या दुसऱ्या ओळीत सरळ सरळ दोन मात्रा कमी आहेत."

ह्यांची बोटं चादरीवर एकेक करत टेकली. कपाळाला आठी पडली, वर्गात कुणी चुकलं की पडायची तशीच.

"ती...न," हे म्हणाले.

मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली. मी पेन घेतलं आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, रचताना मीच मुद्दाम गाळलेला तीन मात्रांचा 'आज' लिहिला.