विजेची थरथर

मुलाकडची मंडळी पोहे खात पडद्याकडे बघत होती. मुलगा-मुलगी दोघांच्या मनगटांवर पट्टे होते आणि पडद्यावर दोघांच्या नाड्या धावत होत्या. आता पसंती तोंडाने विचारतो कोण!

मुलीची आई, वसुधाताई, बशी बाजूला ठेवून रेषा निरखत होत्या. असा पट्टा पहिल्यांदा त्यांनीच बनवला होता. डोक्यावर पंखा गरगरत होता. अशा वेळी पंख्याच्या विजेची बारीक थरथर खऱ्या नाडीच्या रेषेत उतरतेच. मुलाची रेषा मात्र धुतल्यासारखी स्वच्छ. म्हणजे नाडी खोटी, पट्ट्यात आधीच भरून आणलेली!

वसुधाताई मुलीच्या कानाशी पुटपुटल्या, "ऋजुता, हा फसवतोय. नाही म्हण."

"असू दे ना, आई," म्हणत ऋजुताने बाही पट्ट्यावर ओढली.

वसुधाताईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मुलीची रेषाही तितकीच स्वच्छ होती.