गव्हाचा कण

मेपलची पानं लाल झाली, तसं लॉर्नाने सफरचंदाचा रस आटवून डोनटसाठी तांदळाचं पीठ चाळायला घेतलं.

"मॅरन भांडून गेली त्याला किती वर्षं झाली," एव्हरेट कुरकुरला. "गहू आपल्या लेकीला बाधायचा, आपल्याला नाही. आता तरी मैद्याचे कर की! हे खाताना वाळू चावल्यासारखं वाटतं."

"आणि ती न कळवता दारात उभी राहिली तर? थांब बाई, आधी स्वयंपाकघर घासते, असं सांगू?"

"ती नाही यायची, लॉर्ना. सोड आता तो नाद."

लॉर्नाने डोनटचा साचा ओव्हनमध्ये सरकवला. एव्हरेट पाय आपटत बाहेर गेला.

जरा वेळाने तिने खिडकीतून पाहिलं. बोचऱ्या वाऱ्यात गाडीला टेकून तो सफरचंदांच्या बागेतून विकत आणलेला मैद्याचा डोनट खात होता. खाऊन झाल्यावर त्याने स्वेटर झटकला, दाढीतले कण बोटांनी निपटून काढले, अंगणातल्या गारढोण नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, आणि मगच दाराला हात लावला.