नेमाला चालणारं

निपाणीच्या तारामतींच्या पायाची जखम शुगरमुळे भरता भरत नव्हती. त्यांच्यासारखाच कंदमुळं न खाण्याचा जैन नेम पाळणारी लेक त्रिशला बेळगावच्या प्रयोगशाळेत रताळ्याच्या स्टार्चपासून डोळ्यांना न दिसणारे कण बनवत होती. हे कण जखमेत औषध हळूहळू सोडत राहणार होते. ते जमले, तशी ती हरखून घरी आली.

"रताळं? मला न्हाय चालत," तारामती म्हणाल्या. "कंद उपटला की लई जीव मरत्यात गं."

"आई, खायचं न्हाय, जखमेला लावायचं!"

"लावायलाबी नको."

त्रिशला चिडून परतली. मग तिनंच कच्ची केळी आणून पहिल्यापासून सुरुवात केली. वर्ष सरता सरता केळ्यांचे कण जमले, रताळ्याच्या कणांहूनही बारीक.

"पण औषध बाजारात यायला अजून लई वर्षं लागतील," तिनं ओशाळून आईला सांगितलं. "तुला न्हाय मिळायचं ते."

"माझी जखम पट्टी करून भरत आली की," तारामती हसल्या. "पण माझ्या आईला हेच दुखणं होतं, मलाबी हाय. उद्या तुझ्यावर वेळ आलीच, तर नेम का पाय, असं तुला निवडायला लागू नये, म्हणून अडून बसलते."